गाडी आपली, फेऱ्या कामाच्या: ब्रिटनमध्ये मायलेजवरची करसवलत कशी मागायची

"ताई, कंपनी मैलाला वीस पेन्स देते. सरकारी दर पंचेचाळीसचा, तर वरचे पंचवीस सरकार देतं म्हणे, खरं का?"

लेस्टरमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. उत्तर एकच आहे: नाही. सरकार ते पंचवीस पेन्स देत नाही. त्या पंचवीस पेन्सांवर तुम्ही जो इन्कम टॅक्स भरलात तेवढा परत करतं. पगाराला २० टक्के कर लागत असेल तर मैलामागे पाच पेन्स. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पण वर्षाला पाच हजार मैल होत असतील तर पाच-पाच पेन्सांचे अडीचशे पौंड होतात, आणि मागची चार वर्षं मागता येत असल्यामुळे एकदम हजारभर पौंडही निघू शकतात. एवढ्यासाठी दोन संध्याकाळी बसायला हरकत नाही.

मी मूळची मिरजेची. इथे घरोघरी जाऊन आजारी आणि वृद्ध माणसांचं बघण्याचं काम करते. नवरा दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, तोही आठवडाभर फिरतीवर. त्यामुळे आमच्या घरात दोन गाड्या, दोन वह्या आणि दोन तऱ्हांचे हिशोब आहेत. पुढचं सगळं त्यातून शिकलेलं.

सुरुवातीला एक भीती काढून टाकते. व्हिसावर 'पब्लिक फंड्स घेता येणार नाहीत' अशी अट असते, म्हणून बरेच जण ही सवलत मागायलाच घाबरतात. ही सवलत पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. तुम्ही जास्तीचा भरलेला कर तुम्हाला परत मिळतो, तो भत्ता नाही. निर्धास्त मागा.

तुम्हाला मिळते का, ते आधी पाहा

तुम्ही नोकरीत असायला हवं, म्हणजे पगारातून कर कापला जात असला पाहिजे. इथे त्या पद्धतीला 'पे अॅज यू अर्न' म्हणतात, म्हणजे पीएवायई. पार्सल पोहोचवणारे बरेच जण स्वतःचा धंदा म्हणून नोंदलेले असतात. त्यांचा हिशोब वेगळा, तो त्यांच्या वार्षिक रिटर्नमध्ये जातो. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

गाडी कंपनीची नसावी. ती तुमच्याच नावावर हवी असं मात्र नाही. घरात एकच गाडी आहे आणि ती नवऱ्याच्या नावावर आहे, पण कामासाठी चालवता तुम्ही, तर चालतं. कंपनीने गाडी दिली असेल तर हे दर लागू होत नाहीत. तिथे कामाच्या फेऱ्यांना स्वतःच्या खिशातून घातलेल्या इंधनाच्या खऱ्या खर्चावर सवलत मागता येते. दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून गेलात तर तुम्हाला काही नाही.

त्या वर्षी तुम्ही कर भरलेला हवा. वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नसतो. एखादी मैत्रीण फेब्रुवारीत आली आणि एप्रिलपर्यंत तिची कमाई दोन हजार पौंडच झाली, तर तिने कितीही गाडी चालवली तरी त्या वर्षाचं परत मिळणार काही नाही, कारण भरलेलंच काही नाही.

आणि शेवटची अट: कंपनीने सरकारी दरापेक्षा कमी दिलेलं असावं, किंवा काहीच दिलेलं नसावं. पूर्ण दराने मिळत असेल तर तुमचा प्रश्नच मिटला. दरापेक्षा जास्त मिळत असेल तर उलट त्या वरच्या रकमेवर तुम्हालाच कर लागतो.

दर

मोटार किंवा व्हॅन असेल तर कर-वर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स, त्यापुढच्या प्रत्येक मैलाला २५ पेन्स. मोटरसायकलला २४, सायकलला २०. विजेच्या गाडीलाही मोटारीचाच दर. हा ४५ पेन्सांचा दर एप्रिल २०११ मध्ये ठरला. त्याआधी तो ४० होता. पेट्रोलचं काय झालंय ते पंपावर आपण बघतोच. इथले उदाहरणांचे आकडे २०२५-२६ या वर्षाचे आहेत.

त्या ४५ पेन्सांत पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी), रोड टॅक्स, टायर, गाडीची घसरत जाणारी किंमत असं सगळं धरलेलं असतं. म्हणून मायलेजही मागायचं आणि क्लच बदलल्याचं बिलही जोडायचं, असं होत नाही. कामाच्या फेरीत लागलेलं पार्किंग आणि टोल मात्र वेगळं मागता येतं. दंडाची पावती नाही. ती कामावर असतानाच लागली हे खरं असलं तरी नाही.

वर्षात गाडी बदलली तरी दहा हजारांची मोजणी पुन्हा शून्यावरून सुरू होत नाही. आणि कर-वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असतं. आपल्याकडच्या ३१ मार्चची सवय इतकी पक्की असते, की वही लिहायला लागल्यावर पहिल्यांदा मी ती ३१ मार्चलाच बंद करून ठेवली होती.

कुठली फेरी कामाची आणि कुठली नाही

बहुतेक अर्ज इथेच अडखळतात, म्हणून इथे जरा थांबते.

घर ते नेहमीचं कामाचं ठिकाण ही रोजची ये-जा. तिच्यावर सवलत नाही. अंतर पन्नास मैल असलं, बस नसली, शिफ्ट पहाटे चारची असली, तरी नाही. अकाउंट्स ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने वाद घातला: "मी घरून काम करते, ऑफिसला आठवड्यातून एकदाच जाते, मग ती कामाची फेरी नाही का?" नाही. आठवड्यातून एकदा असली तरी ती नेहमीच्या ठिकाणाची ये-जाच. घर हे तुमच्या सोयीचं ऑफिस आहे, म्हणून रस्त्याचा दर्जा बदलत नाही.

कामाची फेरी म्हणजे काम करता करता करावी लागणारी: एका शाखेतून दुसरीकडे, एका रुग्णाकडून पुढच्याकडे, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर. किंवा नेहमीचं ठिकाण सोडून थोड्या काळासाठी कुठे पाठवलं असेल तिथे जाणं. हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करणारी नर्स दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलला दोन दिवस ट्रेनिंगला गेली, तर घरून थेट गेली तरी ती फेरी मोजता येते. पण ते दुसरं हॉस्पिटल तिच्या नेहमीच्याच रस्त्यावर, चार गल्ल्या पुढे असेल तर नाही. रोजच्या येण्याजाण्याशी जवळजवळ सारखी असलेली फेरी ही ये-जाच धरतात.

आयटीवाल्यांसाठी आणि साइटवर जाणाऱ्या इंजिनियरांसाठी चोवीस महिन्यांचा नियम. एखाद्या ठिकाणी तुमचा ४० टक्के किंवा जास्त वेळ जातो आणि ते काम चोवीस महिन्यांपेक्षा जास्त चालणार आहे, असं असेल तर ते ठिकाण तात्पुरतं राहत नाही, नेहमीचं होतं. यातली मेख अशी, की चोवीस महिने पूर्ण होईपर्यंत वाट बघायची नसते. समजा क्लायंटकडे वर्षभरासाठी गेलात, आणि दहाव्या महिन्यात साहेबांनी सांगितलं की आणखी दोन वर्षं इथेच. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवसापासून सवलत बंद. आधीचे दहा महिने तुमचे. नोकरीच जर एका साइटपुरती असेल, करार सुरू झाला तेव्हाही तिथे आणि संपेल तेव्हाही तिथेच, तर ते ठिकाण पहिल्या दिवसापासून नेहमीचं. अम्ब्रेला कंपनीतून (एजन्सीच्या कामगारांना आपल्या पगारावर ठेवणारी मधली कंपनी) काम करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. त्यांची प्रत्येक असाइनमेंट बहुधा वेगळी नोकरी म्हणून धरली जाते.

आता माझ्यासारख्या घरोघरी जाणाऱ्यांचं. एका व्हिजिटवरून पुढच्या व्हिजिटला जाण्याचे मैल कामाचे, त्यात वाद नाही. वाद आहे तो सकाळी घरून पहिल्या रुग्णाकडे आणि रात्री शेवटच्या रुग्णाकडून घरी, या दोन टोकांचा. हे तुमच्या करारावर अवलंबून आहे. करारात कामाचा ठरावीक भाग लिहिला असेल आणि तुम्ही त्या भागाबाहेर राहत असाल, तर त्या भागाच्या वेशीपर्यंतचा प्रवास ये-जा. रोज आधी ऑफिसला जाऊन रोटा (कामाचं वेळापत्रक) आणि किल्ल्या घ्याव्या लागत असतील तर ते ऑफिस तुमचं नेहमीचं ठिकाण, आणि घर ते ऑफिस गेलं. करारात काहीच स्पष्ट नसेल तर ही दोन टोकं वहीत वेगळ्या रकान्यात लिहीत जा. मागायची की नाही ते नंतर ठरवता येतं, पण सरमिसळ झालेले मैल नंतर निवडत बसणं म्हणजे तांदळात सांडलेला रवा वेचणं.

दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी आलात, तर ते मैल मी मोजत नाही. वाटेत मुलीला शाळेतून उचललं, तर तिच्यासाठी वाकडी केलेली वाट मोजत नाही. आणि सकाळी एका कंपनीचं, संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं काम करणाऱ्यांनो, या दोन मालकांमधला प्रवास कोणाच्याच खात्यात जात नाही. दोन्ही कामांच्या मधोमध गाडी चालवताना ते कितीही कामाचं वाटो.

वही

पहिल्या वर्षी मी वही ठेवली नाही. एप्रिलमध्ये जुने रोटा काढले, गुगल मॅप उघडला आणि अंदाजाने बसवत गेले: सोमवारी वीस, मंगळवारी वीस, बुधवारी पंचवीस. तो कागद स्वतःच वाचला तेव्हा लक्षात आलं, की त्यात ज्या आठवड्यात मी फ्लूने अंथरुणात होते त्या आठवड्याचेही शंभर मैल होते. तो कागद फाडला, आणि ज्या महिन्यांचे रोटा धड होते तेवढ्यांचीच बेरीज धरली. जवळजवळ निम्मे पैसे गेले, दोष माझाच.

ऑक्टोबर २०२४ पासून तर पुरावा जोडल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. मायलेजसाठी पुरावा म्हणजे फेऱ्यांची नोंद, आणि तिच्यात प्रत्येक फेरीचं कारण, निघाल्याचा पोस्टकोड आणि पोहोचल्याचा पोस्टकोड हवा. वर्षाची एकगठ्ठा बेरीज चालत नाही. माझ्या वहीतलं एक पान असं:

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार
घर ते एलई२, पहिली व्हिजिट: ३.१ (वेगळा रकाना)
एलई२ ते एलई५, दुसरी व्हिजिट: ३.४
एलई५ ते एलई४, तिसरी व्हिजिट: २.८
एलई४ ते एलई३, चौथी व्हिजिट: ४.१
कामाचे एकूण: १०.३

इथे मी पोस्टकोडचा पुढचा तुकडाच दिलाय. वहीत पूर्ण लिहायचा. रुग्णाचं नाव मात्र कधीच लिहू नका. ही वही एक दिवस कर खात्याकडे जाणार आहे, आणि कोणाच्या घरी कोणती औषधं चालू आहेत हे त्यांना कळायचं कारण नाही. 'व्हिजिट' आणि रोटावरचा क्रमांक एवढं पुरतं.

मी साधी दुरेघी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवते आणि शेवटच्या व्हिजिटनंतर इंजिन सुरू करायच्या आधी लिहिते. नवऱ्याला एक्सेल लागतं. मोबाइलवरची अॅपही आहेत, पण ती बाजाराला गेलेले मैलही नेमाने मोजतात आणि मग रात्री ते वगळत बसावं लागतं. काहीही वापरा, पण त्याच दिवशी लिहा. महिन्याच्या एक तारखेला गाडीच्या मीटरचा आकडाही टिपून ठेवा. एमओटीच्या दिवशीचा मीटरचा आकडा सरकारी नोंदीत जातो आणि गाडीच्या नंबरवरून तो कोणालाही ऑनलाइन दिसतो. वर्षात गाडी सात हजार मैल फिरली आणि तुम्ही कामाचे नऊ हजार लिहिलेत, तर ते लपणार नाही.

अर्जाच्या आधी कंपनीशी बोला

पगारपत्रकावर 'मायलेज' अशी ओळ असते. वर्षभराच्या पगारपत्रकांवरच्या त्या ओळींची बेरीज करा, किंवा पेरोलला ईमेल टाकून कर-वर्षात मायलेजचे एकूण किती दिले ते लेखी मागा. ईमेलच, फोन नको. उत्तर जोडायला लागतं. काही कंपन्या दरमहा ठरावीक 'कार अलाउन्स' देतात आणि वर मैलाला दहा-बारा पेन्स. अलाउन्सवर पगारासारखा कर कापलेला असेल तर तो मायलेजमध्ये धरायचा नसतो, फक्त ते दहा-बारा पेन्स धरायचे.

याच वेळी दर वाढवून मागायलाही लाजू नका. कंपनीने ४५ पेन्स दिले तर ते सगळे तुमचे, करमुक्त. सरकारकडून त्यातल्या फरकाचा पाचवा हिस्सा मिळतो. म्हणजे कंपनीने पाच पेन्स वाढवले तर ते पंचवीस पेन्सांवरच्या अख्ख्या सवलतीएवढे झाले. आम्ही सहा जणींनी मिळून एक पत्र दिलं, तेव्हा आमचा दर १५ वरून २० वर आला. एकटीने दिलं असतं तर काही झालं नसतं असं मला वाटतं.

किमान वेतनाच्या आसपास पगार असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. एप्रिल २०२५ पासून एकवीस आणि त्यावरच्या वयाला तासाला १२.२१ पौंड हे किमान वेतन होतं. कामासाठी तुम्ही खर्च केलेलं पेट्रोल कंपनीने भरून दिलं नाही, तर किमान वेतन मोजताना तो खर्च तुमच्या पगारातून वजा धरतात. शिवाय दोन व्हिजिटांमधला प्रवासाचा वेळही कामाचा वेळ. हे दोन्ही धरून तासाचा दर खाली जात असेल तर ती करसवलतीची नाही, पगाराची तक्रार आहे. 'अॅकॅस' या सरकारमान्य संस्थेच्या हेल्पलाइनवर फुकट विचारता येतं.

आणि विमा. नवीन माणूस गाडी घेतो तेव्हा विम्यात 'सोशल, डोमेस्टिक, प्लेझर अँड कम्यूटिंग' निवडतो आणि मोकळा होतो. त्यात घर ते ऑफिस येतं, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणं येत नाही. त्याला 'बिझनेस यूज' लागतो. कामाच्या फेरीत ठोकलं आणि विमा नुसत्या ये-जाचा निघाला, तर मायलेजचे अडीचशे पौंड कुठच्या कुठे. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालवता येतं, आणि ते बदलून मिळत नाही, परीक्षाच द्यावी लागते, हेही जाता जाता.

हिशोब

माझं एक वर्ष घ्या. कामाचे मैल ४,८००. सरकारी दराने ४,८०० गुणिले ४५ पेन्स, म्हणजे २,१६० पौंड. कंपनीने २० पेन्सांनी दिले ९६० पौंड. फरक १,२०० पौंड. माझा कर २० टक्के, म्हणून परत मिळणार २४० पौंड.

नवऱ्याचे मैल १३,०००. पहिल्या दहा हजारांचे ४,५०० पौंड, वरच्या तीन हजारांना २५ पेन्सांनी ७५० पौंड, एकूण ५,२५०. कंपनीने सरसकट २५ पेन्स दिले, ३,२५०. फरक २,०००. ओव्हरटाइममुळे त्या वर्षी त्याची कमाई ५०,२७० पौंडांच्या बरीच वर गेली होती, आणि त्या वरच्या भागावर ४० टक्के कर बसला होता. म्हणून त्याला मिळाले ८०० पौंड. कमाई त्या रेषेच्या खाली असती तर हेच ४०० झाले असते. स्कॉटलंडमध्ये कराचे टप्पे वेगळे आहेत, तिथल्यांनी आपला टक्का घालावा.

अर्ज

फरकाची रक्कम, आणि त्याबरोबर मागत असाल तर पार्किंगसारखे नोकरीचे बाकीचे खर्च, असं सगळं मिळून एका वर्षाचं २,५०० पौंडांपर्यंत असेल तर पी८७ हा अर्ज. त्याच्या वर गेलं तर सेल्फ असेसमेंटचं रिटर्न भरावं लागतं: कर-वर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरपर्यंत नाव नोंदवायचं, ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन रिटर्न. जे कुठल्यातरी कारणाने आधीपासूनच रिटर्न भरतात त्यांनी वेगळा पी८७ भरायचा नसतो, मायलेज त्या रिटर्नमध्येच नोकरीच्या पानावर टाकायचं.

बसण्याआधी हे जवळ घ्या: नॅशनल इन्शुरन्स नंबर, पी६० (आपल्याकडच्या फॉर्म १६ चा इथला भाऊ, कंपनी तो ३१ मेपर्यंत देते), कंपनीचा पीएवायई संदर्भ क्रमांक, पेरोलचा तो ईमेल, आणि वहीची प्रत. पीएवायई क्रमांक पी६० वर असतो: तीन आकडे, तिरकी रेघ, मग अक्षरं आणि आकडे. वर्षात नोकरी बदलली असेल तर जुन्या कंपनीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगाराचा आणि कराचा कागद) ही काढून ठेवा.

ऑनलाइन भरायचा तर गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवरूनच आत जा. तिथे पर्सनल टॅक्स अकाउंट नसेल तर ओळख पटवताना पासपोर्ट किंवा पगारपत्रक लागतं. पोस्टाने पाठवायचा असेल तर पी८७ त्याच दिवशी साइटवरून ताजा उतरवून घ्या; मित्राने दिलेला तीन वर्षांपूर्वीचा फॉर्म परत येतो. पत्ता सोपा आहे, रस्ता नाही, गाव नाही: पे अॅज यू अर्न, एचएम रेव्हेन्यू अँड कस्टम्स, बीएक्स९ १एएस. पोस्टात दिल्याची पावती मागून घ्या आणि वहीची प्रतच पाठवा, मूळ वही घरी.

प्रत्येक कर-वर्षासाठी वेगळा अर्ज. त्यात मैल किती, सरकारी दराने किती होतात आणि कंपनीने किती दिले, हे तीन आकडे लागतात. बरेच जण तिसरा आकडा शून्य लिहितात, "कंपनी देते ते पगारातच येतं की" म्हणून. ते पगारपत्रकात आलं तरी मायलेजच आहे. तो आकडा लपवून मिळालेले पैसे नंतर व्याजासकट परत मागतात, आणि वर दंड.

मागची वर्षं मागताना मुदत अशी: कर-वर्ष संपल्यापासून चार वर्षं. म्हणजे २०२२-२३ साठी ५ एप्रिल २०२७ पर्यंत. वह्या असतील तर सगळ्यात जुनं वर्ष आधी मागा, कारण ते आधी हातचं जातं.

मधले दलाल

भारतात आपण कागद सीएकडे देऊन निश्चिंत होतो. इथे या कामासाठी कोणी लागत नाही, आणि रिफंड मिळवून देतो म्हणणाऱ्या जाहिराती मात्र फेसबुकवर रोज येतात. एका ओळखीच्या मुलाने अशा एकाकडे अर्ज दिला. ३६० पौंड मंजूर झाले, हातात २०० च्या आसपास पडले. त्याने सही करताना टक्केवारी वाचली नव्हती, आणि पैसे दलालाच्या खात्यातून येणार हेही. त्या दलालाने केलं काय, तर या मुलाकडून वही मागितली. वही तुम्हीच लिहायची असेल तर उरलेलं काम अर्ध्या तासाचं आहे.

मोबाइलवर 'तुमचा कर परतावा तयार आहे, इथे दाबा' असा मेसेज आला तर दाबू नका. कर खातं परताव्यासाठी मेसेजमधून बँकेचे तपशील मागत नाही.

पुढे काय होतं

मागच्या वर्षांचे पैसे बँकेत किंवा चेकने येतात. चेक नोंदवलेल्या पत्त्यावर येतो, आणि आपण पहिल्या दोन वर्षांत तीन घरं बदललेली असतात. म्हणून अर्जाआधी पर्सनल टॅक्स अकाउंटवर पत्ता बघून घ्या.

चालू वर्षाचं मागितलं तर रोख काही येत नाही, टॅक्स कोड बदलतो. पगारपत्रकावर एका कोपऱ्यात १२५७एल असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १२,५७० पौंडांवर कर नाही. माझा १,२०० चा फरक मान्य झाल्यावर तो १३७७एल झाला, आणि महिन्याचा कर वीस पौंडांनी कमी झाला. पगारपत्रक न वाचणाऱ्याला हे कळतही नाही, आणि मग "अर्ज करून सहा महिने झाले, एक पैसा आला नाही" असा फोन येतो. आधी कोड बघ, असं मी सांगते.

हा वाढलेला कोड पुढच्या वर्षीही तसाच चालू राहू शकतो, कारण तुम्ही तेवढेच मैल फिरणार असं धरलेलं असतं. फिरतीचं काम सोडून तुम्ही वॉर्डात लागलात, किंवा कंपनीने दर ४५ केला, तर ते लगेच कळवा. पर्सनल टॅक्स अकाउंटमध्येच टॅक्स कोडच्या पानावर जाऊन ती रक्कम कमी करता येते. मी प्रसूतीच्या रजेवर गेले तेव्हा कळवायचं राहिलं, आणि पुढच्या वर्षी तेवढा कर हप्त्याहप्त्याने माझ्याच पगारातून परत गेला.